देगलूरच्या सरळ खाली

गेल्या महिन्यात या सदरात मी जाता जाता एक ओळ लिहून गेलो : कन्याकुमारीला सूर्य समुद्रात मावळताना बघायचा असेल तर मे महिन्यात जाऊ नका. त्या ओळीनं घात केला. एकवीस पत्रं आली, फोन वेगळेच. आठवडी बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडत होतो तर तिथंही एकानं अडवलं, "सर, आमचं मे मधलं बुकिंग झालंय की हो!" तेव्हा या महिन्यात दुसरं काही नको, कन्याकुमारीचीच पत्रं घेतो.

प्रश्न : सर, नववीत तुम्हीच शिकवलं होतं, 'कन्याकुमारी येथे एकाच ठिकाणाहून सूर्योदय व सूर्यास्त समुद्रात पाहता येतो.' मी पेपरात तेच लिहून दोन मार्क मिळवले. आता तुम्हीच उलटं लिहिता. मार्क परत देऊ का?
(एक माजी विद्यार्थी, देगलूर, सध्या मुक्काम पुणे)

उत्तर : मार्क राहू दे तुझ्याकडं. चूक माझी. ते वाक्य मी तेवीस वर्षं फळ्यावर लिहिलं आणि कन्याकुमारी पाहिली चोविसाव्या वर्षी. मास्तर माणसाला सवड मिळते ती मे महिन्यातच. आमच्या भागातल्या एका यात्रा कंपनीची बस होती. तिरुपती, रामेश्वर, कन्याकुमारी, बारा दिवस, चहा-नाष्टा धरून. सोबत सौ. आणि माझी आई. कंपनीच्या हँडबिलावर माझ्या फळ्यावरचंच वाक्य जाड ठशात छापलेलं. संध्याकाळी साडेपाचलाच आम्हाला किनाऱ्यावर नेऊन बसवलं. आभाळ लख्ख. बसमधल्या चाळीस जणांना मी आधीच सगळं समजावून ठेवलेलं, तोंड कुठं करायचं, काय दिसेल, वगैरे. आणि सूर्य उतरायला लागला तो समोरच्या पाण्यावर यायचं सोडून उजवीकडं सरकत सरकत जमिनीवर गेला. माडांच्या शेंड्यांमागं लाल झाला आणि संपला. कंपनीचा पोरगा म्हणाला, "ढग आडवे आले." आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. चाळीस जण माझ्याकडं बघत होते. सौ. हळूच म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकातला सूर्य येगळा असंल."

देगलूरला घरी आल्यावर मी गच्चीवर गेलो. आमच्या गच्चीवरून डिसेंबरातला सूर्य जुन्या पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला मावळतो आणि जूनमधला पार उजवीकडं, चिंचेच्या झाडाशी. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. शेतकऱ्याच्या घरात हे शिकवावं लागत नाही. दिवाळीतली सांजेची तिरीप एका भिंतीवर पडते, आखाडातली दुसऱ्या. पण हे गच्चीवरचं ज्ञान गच्चीवर राहिलं आणि कन्याकुमारीचं वाक्य वर्गात. दोघांची गाठच पडली नव्हती.

आता तू तिथं पुण्यात करून बघ. हात सरळ लांब कर आणि मूठ आवळ. ही मूठ आभाळातले साधारण १० अंश झाकते. कन्याकुमारीत डिसेंबरअखेर सूर्य ऐन पश्चिमेच्या सव्वादोन मुठींहून थोडा जास्तच डावीकडं मावळतो. जूनमध्ये तेवढाच उजवीकडं. वर्षभरात पावणेपाच मुठींची ही येरझार. आता नकाशा काढ. कन्याकुमारीहून निघालेला किनारा ऐन पश्चिमेला जात नाही. मुट्टमपर्यंत तो जरासा उत्तरेला झुकतो आणि पुढं तिरुवनंतपुरमकडं चांगलाच वर चढतो. म्हणजे पश्चिमेच्या डावीकडं सगळं पाणी, उजवीकडं जमीन. मेमधला सूर्य पश्चिमेच्या दोन मुठी उजवीकडं. तो पाण्यात कसा पडेल?

उगवतीला मात्र अडचण नाही. पूर्वेकडचा किनारा तुतिकोरिनकडं जाताना एवढा उत्तरेला वळतो, की जूनचा सूर्यसुद्धा पाण्यातूनच वर येतो. उगवतीला बारा महिने मुभा; मावळतीला साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच. वाक्य खोटं नव्हतं रे, त्यात महिना लिहायचा राहिला होता. तो तेवीस वर्षं राहिला, हे मात्र वाईट.

प्रश्न : तलाठी भरतीची तयारी करतो. सराव पेपरात 'भारताचे दक्षिण टोक' याला आमच्या अकादमीत कन्याकुमारी बरोबर धरतात, मित्राच्या अकादमीत इंदिरा पॉइंट. भांडण मिटवा.
(एक उमेदवार, नांदेड)

उत्तर : प्रश्नात 'मुख्य भूमीचे' हा शब्द आहे का ते आधी बघायचं. असेल तर कन्याकुमारी, ८°४' उत्तर. नसेल तर ग्रेट निकोबार बेटावरचा इंदिरा पॉइंट, ६°४५' उत्तर. डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि सुनामीत ते टोक सव्वाचार मीटरच्या आसपास खचलं आणि तिथल्या दीपगृहाच्या बुडाला पाणी लागलं. पण टोकाचा मान त्याच्याकडंच राहिला.

असाच घोळ आफ्रिकेचा. केप ऑफ गुड होप हे आफ्रिकेचं दक्षिण टोक, असं घोकलेले लोक मी स्टाफरूममध्ये पाहिलेत. ते भूशिर केप द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळचं. खंडाचं टोक त्याच्या बऱ्याच पूर्वेला, केप अगुल्हास. भूशिर म्हणजे समुद्रात घुसलेलं जमिनीचं नाक एवढंच. ते सगळ्यात खालीच असलं पाहिजे असा काही नियम नाही. हेही विचारतात, लिहून ठेवा.

प्रश्न : तिथं तीन समुद्र मिळतात आणि तिघांच्या पाण्याचे रंग वेगळे दिसतात असं गाइडनं सांगितलं. आम्ही तासभर बघत उभे होतो, रेघ काही दिसली नाही. आमची नजर कमी पडली का?
(एक वाचक, उदगीर)

उत्तर : नजर ठीक आहे तुमची. उलट विचारतो : उदगीरहून देगलूरला येताना आणि देगलूरहून पुढं हैदराबाद रस्त्याला लागल्यावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण यांच्या हद्दी शेतात कुठं दिसतात का? तूर इकडंही तीच, तिकडंही तीच. आमच्या बाजारात बाई मराठीत भाव विचारते, दुकानदार तेलुगूत सांगतो आणि शेवटी कानडीत हुज्जत घालून मिरच्या घेतल्या जातात. रेघ कुठं काढणार?

समुद्राचंही तसंच. अरबी समुद्र, हिंदी महासागर, बंगालचा उपसागर ही नावं माणसांनी दिलेली. जलनकाशे करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९५३ साली ज्या हद्दी आखल्या त्याप्रमाणं तर बंगालचा उपसागर कन्याकुमारीपर्यंत येतच नाही. तो रामसेतूशी आणि श्रीलंकेच्या दक्षिण टोकाशी थांबतो. कन्याकुमारीसमोरचं पाणी त्यांच्या लेखी लक्षद्वीप समुद्र. हे मी तिथल्या गाइडला सांगायला जाणार नाही. त्रिवेणी संगमात स्नान करून आलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

रंग मात्र दिसतात, ते खोटं नाही. उथळ खडकावरचं पाणी हिरवट, वाळू ढवळलेलं मातकट, खोल पाणी निळं. त्यात ढगाची सावली पडली की चौथा रंग. दुपारी तिथंच परत गेलात की रंगांनी जागा बदललेल्या असतात.

प्रश्न : मी कन्याकुमारीहून सात रंगांच्या वाळूचा डबा आणला. शेजारच्या सरांनी सांगितलं की ती वाळू किरणोत्सर्गी असते, घरात ठेवू नका. नातवंडं लहान आहेत. टाकून देऊ का?
(एक भगिनी, कंधार)

उत्तर : ताई, टाकू नका, पण पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका. अर्थात हे कुठल्याही वाळूला लागू.

शेजारच्या सरांचं अर्धं बरोबर आहे. तिकडच्या वाळूत मोनाझाइट नावाचं पिवळसर-तपकिरी खनिज असतं आणि त्यात थोरियम असतं. थोरियम किरणोत्सर्गी. म्हणून तर कन्याकुमारी जिल्ह्यात मनवलाकुरिची इथं अशी वाळू वेगळी काढण्याचा सरकारी कारखाना आहे. पण शोकेसमधल्या मूठभर वाळूनं काही होत नाही. त्या किनाऱ्यावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या जाळी विणत, मासे वाळवत राहतात.

तुमच्या डब्यातला काळा कप्पा बहुधा इल्मेनाइट या खनिजाचा, लालसर गार्नेटचा, पांढरा गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा. आता ही वाळू तिथंच का साचते? ते मी वर्गात सूप घेऊन शिकवायचो. डोंगरातले जुने खडक झिजतात, ओढे-नद्या तो चुरा समुद्रात नेतात. मग लाटा पाखडायला बसतात. सुपात ज्वारी पाखडताना हलकं भूस पुढं उडतं आणि खडा मागं राहतो, तसं हलकी गार लाटेबरोबर निघून जाते आणि जड काळी-लाल वाळू पट्ट्यापट्ट्यानं मागं राहते. आपल्याकडंही हे होतं, लहान प्रमाणात. पाऊस पडून गेल्यावर रस्त्याच्या कडेला ओघळात काळी, चमकदार बारीक रेती साचलेली असते. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवा, कागदाला काळी मिशी फुटते. ती आपल्या काळ्या पाषाणातली मॅग्नेटाइट. नातवंडांना हे दाखवा, डबा विसरतील.

खडकांवरून आठवलं. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कन्याकुमारीकडचे खडक ५० कोटी वर्षांच्याही पलीकडचे. त्यांच्यापुढं आपला काळा पाषाण म्हणजे कालचं पोर.

तिथली माणसं या वाळूची वेगळी हकिकत सांगतात. कुमारीदेवीचं शुचींद्रमच्या शंकराशी लग्न ठरलं होतं. मुहूर्त रात्रीचा. पण बाणासुराला मारायचं तर देवी कुमारीच राहायला हवी, म्हणून नारदानं कोंबडा होऊन अवेळीच बांग दिली. पहाट झाली, मुहूर्त टळला असं समजून वरात वाटेतूनच परत गेली. लग्नाचं शिजवायला काढलेलं धान्य तसंच राहिलं, त्याचीच ही रंगीत वाळू झाली. माझ्या आईला ही गोष्ट फार लागली होती. "एवढ्या लोकांचं अन्न वाया गेलं," हेच ती बसमध्ये दोन दिवस म्हणत होती. देवीचं लग्न मोडल्याचं तिला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही.

प्रश्न : गांधी मंडपात २ ऑक्टोबरला दुपारी बारा वाजता सूर्याचा किरण बरोबर अस्थिकलशाच्या जागेवर पडतो. याला चमत्कार म्हणायचं की विज्ञान?
(एक निवृत्त कर्मचारी, भोकर)

उत्तर : गवंड्याचं कसब म्हणा. छताला झरोका कुठं ठेवायचा हे गणितानं काढता येतं. गांधीजींच्या अस्थी १९४८ च्या फेब्रुवारीत तिथं विसर्जित झाल्या, त्याआधी कलश जिथं ठेवला होता ती ही जागा. मंडप १९५६ चा.

दोन बारीक गोष्टी सांगतो. एक, तिथली खरी मध्यान्ह त्या दिवशी घड्याळात बाराला होत नाही, बारा वाजून नऊ-दहा मिनिटांनी होते. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. २ ऑक्टोबरला सूर्य आभाळात जेवढा दक्षिणेला असतो, तेवढाच तो १०-११ मार्चला परत येताना असतो. म्हणजे त्या दिवशीही मध्यान्हीला किरण त्याच जागेवर पडणार. मार्चमध्ये मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास येते. त्या दिवशी तिथं गर्दी नसते, निवांत बघता येईल.

आणि भोकरहून एवढं लांब जायचं नसेल तर २ ऑक्टोबरला देगलूरला या. देगलूर, बंगळूर आणि कन्याकुमारी ही तिन्ही जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत, ७७° ३३' ते ३५' पूर्व. म्हणजे तिघांची मध्यान्ह एकाच वेळी. त्या वेळी एक मीटरची काठी उभी केली तर कन्याकुमारीत सावली साधारण २० सेंटीमीटर पडते आणि आमच्या शाळेच्या मैदानात ४०. जवळजवळ दुप्पट. मी दर वर्षी गांधी जयंतीचं झेंडावंदन झालं की पोरांना थांबवून घ्यायचो, फूटपट्टी घेऊन. खाऊ वाटेपर्यंत पोरं थांबायची, हे खरं कारण.

प्रश्न : शिलास्मारक बांधणारे मराठी होते म्हणे?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : होय. एकनाथजी रानडे, जन्म अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळा गावचा. विवेकानंद १८९२ च्या डिसेंबरात २५ ते २७ असे तीन दिवस त्या खडकावर ध्यानाला बसले होते. स्मारकाला परवानगी मिळत नव्हती तेव्हा रानड्यांनी ३२३ खासदारांच्या सह्या गोळा केल्या, आणि पैसा देशभरातून एक-एक रुपयानंही जमवला. उद्घाटन २ सप्टेंबर १९७० ला राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते झालं. आमच्या वडिलांनी त्यात एक रुपया दिला होता. तिथं गेल्यावर आई पायरीवर हात ठेवून म्हणाली, "ही आपल्या रुपयाची." कोणती पायरी, ते तिनंच ठरवलं.

प्रश्न : आपल्याकडं येणारा मान्सून कन्याकुमारीला पहिल्यांदा टेकतो ना? मग टीव्हीवर नेहमी 'केरळात दाखल' का म्हणतात?
(एक शेतकरी, मानवत)

उत्तर : भाऊ, हवामान खातं मान्सूनचं आगमन ठरवताना १४ ठिकाणांचा पाऊस बघतं. मिनिकॉयपासून मंगळूरपर्यंतची ठिकाणं त्यात आहेत, तिरुवनंतपुरम आहे, पण कन्याकुमारी नाही. १० मे नंतर यांतल्या ६० टक्के ठिकाणी लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला आणि वारे-ढगांचे निकष जुळले की मग 'दाखल'. कन्याकुमारीला ऑक्टोबर ते डिसेंबरचा परतीकडचा पाऊसही मिळतो, म्हणजे तिथं दोन पावसाळे. आपला एकच, आणि तोही उधारीवर. 'केरळात दाखल' ऐकून धूळपेरणी करू नका, एवढंच सांगेन. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

प्रश्न : वडील पंच्याहत्तर वर्षांचे आहेत. एकदा कन्याकुमारी दाखवायची आहे. कधी जावं, कसं जावं, काय सांभाळावं?
(एक वाचक, मुखेड)

उत्तर : डिसेंबर ते फेब्रुवारी. मी निवृत्त झाल्यावर सौ.ला घेऊन डिसेंबरातच गेलो, मेमधली उधारी फेडायला. उदगीर-लातूर करत एसटीनं सोलापूर गाठलं आणि पुण्याहून येणारी गाडी तिथं पकडली. तुम्हाला रस्त्यानं जायचं असेल तर हैदराबादहून ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग धरा. श्रीनगरहून निघालेला तो रस्ता कर्नूल, बंगळूर, सेलम, मदुरै करत थेट कन्याकुमारीत संपतो. पण वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून मी रेल्वेच सुचवीन. तिरुनेलवेलीमार्गे जाणारी गाडी मिळाली तर तिरुनेलवेली सोडल्यावर खिडकीशी बसवा त्यांना. घाटाच्या खिंडीतून वारा घुसतो तिथं मुप्पंदलच्या आसपास पवनचक्क्याच पवनचक्क्या आहेत. पाटोद्याकडच्या बघितल्या असतील तर त्यांच्या तुलनेत रान पेरल्यासारख्या.

कुमारी अम्मन देवळात पुरुषांना सदरा काढून जावं लागतं. वडिलांना आधीच सांगा, ऐन दारात संकोचतात. खांद्यावर उपरणं असलं की झालं. शिलास्मारकाला बोटीनं जायचं, रांग मोठी असते, सकाळी लवकर लागा. समुद्र खवळला की बोट बंद, तेव्हा एक दिवस हाताशी जास्त ठेवा. शेजारच्या खडकावर तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवरांचा पुतळा आहे, चौथऱ्यासकट १३३ फूट, कारण त्यांच्या 'तिरुक्कुरळ' या ग्रंथाचे अध्याय १३३. आता दोन्ही खडकांमध्ये ७७ मीटरचा काचेचा पूल झालाय, डिसेंबर २०२४ पासून. मी तो पाहिलेला नाही. वडिलांना काचेतून खाली बघू नका म्हणून सांगा, म्हणजे ते हमखास बघतील.

जेवणात इडली-भात चालत असेल तर प्रश्न नाही. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, चौथ्या दिवशी ती सोन्याच्या भावानं वाटून खाल्ली.

आणि एक गंमत करा. पहिल्या पहाटे साडेसहाला सूर्य पाण्यातून वर आला तेव्हा मी घरी सूनबाईला फोन लावला. म्हटलं, गच्चीवर जा आणि सूर्य उगवला का सांग. ती म्हणाली, "नाही बाबा, नुसतं तांबडं फुटूलालंय." मी इकडं उन्हात उभा. सहा पन्नासला तिचाच फोन आला, "आत्ता दिसला!" देगलूर आणि कन्याकुमारी एकाच रेखावृत्तावर, मध्यान्ह एकाच वेळी, तरी सूर्योदयात वीस मिनिटांचा फरक. कन्याकुमारी विषुववृत्ताच्या जवळ असल्यानं तिथला दिवस फार लहान-मोठा होत नाही. सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात लहान दिवस यांत तासाभराचंही अंतर नाही. आपल्याकडं सव्वादोन तासांचं. संध्याकाळी उलटं : देगलूरला दिवा लागला तरी आम्ही वीस मिनिटं सूर्य बघत होतो. आणि हो, या वेळी तो समुद्रातच बुडाला. सौ. म्हणाल्या, "झालं समाधान?"

प्रश्न : गुरुजी, कन्याकुमारीच्या पुढे काय आहे?
(एक विद्यार्थिनी, इयत्ता सहावी, बिलोली)

उत्तर : बाळ, हा प्रश्न मला तुझ्याआधी एका सत्तरीच्या बाईनं विचारला होता, माझ्या आईनं. मेमधल्या त्या फजितीच्या संध्याकाळी सगळे बसकडं निघाले, आई तिथंच खडकावर बसून राहिली. पदर दातात धरलेला, कारण वारा फार. तिनं आयुष्यात मांजरा आणि गोदावरी सोडून मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं, आणि नदीच्या पल्याड नेहमी एक गाव असतं. तिनं विचारलं, "ह्याच्या पल्याड कोणतं गाव हाय रं?" मी म्हणालो, काही नाही, सगळा समुद्रच. तिला ते पटलं नाही. मलाही पटायला नको होतं. भूगोलाच्या मास्तरानं 'काही नाही' असं कधी म्हणू नये. पण सूर्याच्या प्रकरणात मी आधीच पडलेला होतो.

पुढं कधीतरी ॲटलासवर पट्टी ठेवून बघितलं. तू पण ठेव. देगलूरवरून बंगळूर, बंगळूरवरून कन्याकुमारी, आणि पट्टी तशीच खाली ओढ. मालदीव बाजूला राहतात, डावीकडं. श्रीलंका उजवीकडं. विषुववृत्त ओलांडलं, मकरवृत्त ओलांडलं, तरी पाणीच. पाच हजार किलोमीटरांहून थोडं पुढं गेलं की पट्टीच्या कडेला एक ठिपका लागतो, ॲमस्टरडॅम बेट. नाव डच, मालकी फ्रान्सची. रेखावृत्त बरोबर आपलं, ७७° ३३'. गाव नाही, बाजार नाही. फ्रान्सची वीस-तीस माणसं तिथं आळीपाळीनं राहतात, हवा मोजतात. त्याच्या जरा खाली सेंट पॉल नावाचं आणखी छोटं बेट, तिथं कुणीच राहत नाही. मग थेट अंटार्क्टिका. आणि तिथं किनारा लागतो त्याच्या आसपासच, पट्टीपासून दीड अंश डावीकडं, 'भारती' आहे. आपल्याच देशाचं संशोधन केंद्र, २०१२ साली सुरू झालेलं.

हे सगळं सापडलं तोवर आई नव्हती. असती तर तिला सांगितलं असतं, की पल्याड गाव नाही, पण माणसं आहेत, वीस-तीस. मला ठाऊक आहे तिनं पुढं काय विचारलं असतं. त्यांना प्यायला गोड पाणी कुठून मिळतं, हे. ते मी अजून शोधलेलं नाही, सापडलं की पुढच्या अंकात.